ट्रायलला कोण बसणार

चामोर्शी
३ मार्च २०२५

दिव्यानी,

दिवाळीत मी म्हणालो होतो की तुझ्याशी फोनवर एक अक्षर बोलणार नाही. तो शब्द मी पाळतो आहे. पत्राबद्दल मी काही बोललो नव्हतो, तेव्हा हे लिहिण्याने शब्द मोडत नाही. तुझ्या आईला हे पटत नाही. ती म्हणते, "अवो, फोन लावला असता तं पाच मिन्टात झालं असतं." तिचं तिच्याजवळ.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. तू ठेवून गेलेला फॉर्म माझ्या कपाटात आहे आणि त्यावर मी सही केलेली नाही. 'माझी मुलगी कंपनीच्या चाचणी-ट्रॅकवर ताशी अडीचशेच्या वेगाने गाडी चालवणार, हे मला माहीत आहे आणि मान्य आहे' असं त्यात लिहिलं आहे. माहीत आहे. मान्य नाही. घरच्या एका माणसाची सही नसेल तर तुम्हाला गाडीत पाऊल ठेवू देत नाहीत, ट्रॅकच्या कडेला खोलीत बसवून कॉम्प्युटरवर आकडे बघायला लावतात, हेही माझ्या लक्षात आहे. बघ आकडे. त्यात वाईट काय आहे? पंखा असेल, सावली असेल. असो, हे पत्र त्यासाठी नाही.

हे पत्र एका गाडीसाठी आहे.

परवा शनिवारी दुपारी कय्यूमचा गॅरेजमधून फोन आला. "गुणवंतभाऊ, जल्दी या. मुखरूच्या लाखोळीत काईतरी जळून राह्यलं." मी चप्पल शोधत बसलो नाही, तसाच निघालो. आष्टी रस्त्यावर मुखरूने दरवर्षीप्रमाणे लाखोळीचे वाळलेले, शेंगांसकट उपटलेले वेल डांबरावर पसरले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांनी ते तुडवायचे, दाणे मोकळे करायचे आणि मुखरूने पळसाखाली बसून बिडी ओढायची, अशी त्याची शेती. या वेळी ट्रकांऐवजी एक पिवळी गाडी आली. उंची माझ्या कमरेपर्यंत. लाखोळी बघून गाडीवाला थांबला बिचारा. पण मुखरूला फुकटाचं चाक दिसलं की राहवत नाही. तो उठला, दुपट्टा हलवून ओरडला, "चालवा, चालवा! काई नाई होत!" गाडीवाल्याला वाटलं गाव आपलं स्वागत करून राहिलं आहे. त्याने हात जोडले आणि घातली गाडी.

वीस पावलांत गाडीने अर्धी लाखोळी पोटाखाली गोळा केली. थोडी पुढच्या जाळ्यांत गेली, थोडी सायलेन्सरला लागली आणि धूर निघाला. मी पोचलो तेव्हा दोन बाया पाण्याचे गुंड घेऊन तयार होत्या. मी ओरडून थांबवलं. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर काय होतं हे तुला सांगायला नको. शेताच्या धुऱ्यावरची माती आणून आधी विस्तव दाबला, मग खाली शिरायला गेलो तर काय? मी उभा जन्म गाड्यांखाली झोपून काढला, पण जिच्याखाली माझं डोकंही जाईना अशी गाडी पहिल्यांदा पाहिली. जॅकसुद्धा जाईना. शेवटी बारा माणसांनी मिळून एक बाजू उचलली आणि कय्यूमने खाली सागाचे ओंडके सरकवले. मी विळ्याने लाखोळी काढली. एवढी निघाली की एका गाईचा दोन दिवसांचा चारा झाला.

गाडीवाला करीमनगरचा दातांचा डॉक्टर आहे. सांबय्या नाव, वय साठच्या आसपास, माझ्यापेक्षा थोडा लहान. नवी गाडी मार्कंड्याच्या देवळात पूजेला नेत होता. शिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर जाऊ म्हणाला आणि मुखरूच्या तावडीत सापडला. मी त्याला म्हणालो, इंजिन दाखवा. त्याने पुढचं झाकण उघडलं तर आत नारळ, झेंडूचे हार आणि एक बॅग. इंजिन मागे होतं.

तर प्रश्न असा. रस्ता हिंदुस्थानातला, त्यावर खड्डे, गाई, लाखोळी, सगळं असतं. असं असताना गाडी जमिनीपासून चार बोटांवर ठेवणाऱ्याच्या डोक्यात काय असेल? मी उपहासाने विचारत नाही. खरंच विचारतो आहे. दोन रात्री मला हेच आठवून झोप लागली नाही.

पत्राला पत्रानेच उत्तर द्यावे.

बाबा

चामोर्शी
१७ मार्च २०२५

दिव्यानी,

तुझं पत्र मिळालं. आकृती चांगली काढली आहेस. अक्षर मात्र पूर्वीसारखंच आहे, कोंबडीने शेणात पाय बुडवून चालावं तसं.

तू लिहितेस की वेग वाढला की वरून जाणारी हवा गाडीला दाबते आणि पोटाखालून जाणारी हवा तिला रस्त्याकडे ओढते, म्हणून पोट खाली आणि सपाट हवं. वाचून मी हसलो. हवा ओढते म्हणे! मग तू सांगितल्याप्रमाणे दोन कागद समोरासमोर धरले आणि मधून फुंकर मारली. वाटलं होतं दूर जातील. ते एकमेकांना येऊन चिकटले. मी सहा वेळा केलं. मग ते कागद घेऊन गॅरेजमध्ये गेलो. तिथे सगळ्यांनी फुंकून पाहिलं. कय्यूमचा रोजा चालू आहे, तो म्हणाला, "फुंकाले तं मनाई नाई ना भाऊ," आणि त्यानेही फुंकलं. दहा-बारा मोठी माणसं दुपारच्या उन्हात कागदं फुंकत उभी, हे पाहून रस्त्यावरची एसटी हळू झाली.

गाडी कय्यूमच्या शेडमध्येच आहे. हैदराबादेहून त्या गाडीच्या कंपनीचा माणूस आला होता. पोटाखालचा पत्रा जळाला आहे, तो यायला महिना लागेल म्हणाला. पत्रा नव्हे, कुठलंसं काळं विणलेलं प्लास्टिक. ट्रकवर टाकून गाडी हैदराबादेला न्यायला तो तयार होता, पण डॉक्टरसाहेब हटून बसले. नवस आहे त्यांचा. गाडी आधी स्वतःच्या चाकांवर मार्कंड्याला जाईल, मग जिकडे जायची तिकडे जाईल. देवाच्या दारी पाठुंगळी बसून जायचं नाही म्हणतात. मला माणूस आवडला. तत्त्वाला धरून बसणारी माणसं आता कमी राहिली.

तेव्हापासून शेडमध्ये रोज सभा भरते. अशा गाडीचा उपयोग काय, हा विषय. मुखरू रोज येतो. आपल्यामुळे झालं म्हणून त्याचं मन त्याला खातं, पण वाद घालायचा सोडत नाही. त्याचं माप एकच. "हिच्यात धानाचे पोते किती जाते? एकही नाई? मंग काय कामाची?" त्यावर कय्यूमने त्याला गप्प केलं. म्हणाला, "अरे मुखरू, मोराले कोनी इचारते का, तू किती पोते उचलतं?" लोक हसले. मी हसलो नाही. मी माझं म्हणणं मांडलं, जे दिवाळीत तुझ्यापुढे मांडलं होतं. गाडीची लायकी तिच्यात किती माणसं बसतात यावर ठरते. एसटीत पंचावन्न बसतात. हिच्यात दोन. म्हणजे एसटी साडेसत्तावीस पट चांगली. यात चूक काय?

डॉक्टर गेल्या रविवारी गाडी बघायला आले होते. एसटीने आले! त्यांना मी सरळ विचारलं, की ही घेतली कशाला? त्यांनी रुमालाने गाडीच्या आरशावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "भाईसाब, तीस साल लोगां मेरेको देखके भागे. अब मैं भागता." एवढंच. मला ते अजून नीट समजलेलं नाही, पण खोटं वाटलं नाही.

इंजिन मागे का, हे तुला विचारणार होतो, पण त्याचं उत्तर मुखरूनेच दिलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, इंजिन मागच्या चाकांच्या जरा पुढे आहे हे पाहिलं आणि म्हणाला, "हे तं बंडीसारखं हाये. ओझं पुढं टाकलं का बैलाच्या मानेवर येते. मांगं टाकलं का बंडी उलाळ होते, मांगं कलंडते. मधी पाह्यजे ओझं." मी एकतीस वर्षं एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि चौथी पास मुखरूने मला शिकवलं. बरोबर आहे का त्याचं? की आणखी काही कारण आहे? बरोबर असेल तरी तसं त्याला मी सांगणार नाही.

दुसरं, या गाडीचे ब्रेक कसे असतात ते सविस्तर लिही. चाकाच्या फटीतून चकती दिसते, काळी आहे. लोखंड वाटत नाही. ब्रेक तुझंच खातं आहे, तेव्हा टाळाटाळ चालणार नाही.

बाबा

ता. क. तुझी आई विचारते, तिकडे उन्हाळ्यात ताक मिळतं का. तिला फोनवर विचारता आलं असतं, पण मी लिहितो आहे म्हटल्यावर तिलाही लिहायचं होतं.

चामोर्शी
२ एप्रिल २०२५

दिव्यानी,

ईदचा शीरखुर्मा खाऊन आलो, पोट जड आहे, म्हणून आज सावकाश लिहितो.

तुझं ब्रेकवालं पत्र मी तीनदा वाचलं आणि कय्यूमला एकदा वाचून दाखवलं. आम्ही चाक खोलून चकती पाहिली. तू लिहिलंस तशीच आहे, भट्टीत भाजलेल्या मडक्याच्या जातीची, पण लोखंडाला ऐकणार नाही अशी. बोटाने वाजवली तर आवाज वेगळा येतो. घाटातून उतरताना लोखंडी चकती लाल होते तशी ही दमत नाही, हे वाचून मला हेवा वाटला. असे ब्रेक मला माझ्या काळात मिळायला हवे होते.

शंभराच्या वेगावरून बत्तीस मीटरमध्ये थांबते, असं तू लिहितेस. मी टेप घेऊन कय्यूमच्या दारापासून मोजलं. पानठेल्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. भरलेली बस साठावरून तेवढ्यात उभी राहिली असती तर आम्ही ड्रायव्हरला चहा पाजला असता. पेडल पायाखाली दगडासारखं टणक लागतं आणि पाय जेवढा सांगेल तेवढंच ऐकतं, असंही तू लिहिलंस. हे तुला तिथल्या ड्रायव्हरांनी सांगितलं असेल. चांगलं सांगितलं आहे.

आता एक गोष्ट लिहितो. ही मी घरी कधी नीट सांगितलेली नाही. तुझ्या आईला थोडी ठाऊक आहे.

मी चौदा वर्षं ब्रेकडाउन व्हॅनवर होतो हे तुला माहीत आहे. तू लहान असताना तुला वाटायचं की बाबा बिघडलेल्या बसगाड्या दुरुस्त करायला जातात. बहुतेक वेळा तेच असायचं. पण जंगलाच्या रस्त्यावर काही झालं की आधी आमचीच व्हॅन पोचायची, कारण क्रेन आमच्याकडे होती. दोन हजार अकराच्या मे महिन्यात आलापल्लीच्या पुढे नाल्याच्या पुलावरून एक काळी-पिवळी जीप खाली गेली. बाजाराचा दिवस होता. नऊ जणांच्या जीपमध्ये एकोणीस होते. मी खाली उतरलो. एकेकाला वर घेतलं. त्यात एक पोरगी होती, तुझ्याच वयाची, दोन वेण्या, रिबिनी लाल. ती जिवंत नव्हती. मी तिला उचलून वर आणलं आणि रस्त्याच्या कडेला ठेवलं, आणि तिच्याजवळच बसून राहिलो. सोबतच्या हेल्पर पोचूने मला धरून व्हॅनमध्ये बसवलं.

नंतर मी जीपचं चाक खोलून पाहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण मला बघायचं होतं. ब्रेकचे लायनर झिजून आतल्या रिव्हेटी घासत होत्या. किती दिवसांपासून घासत होत्या कोण जाणे. मालकाला ऐकू येत नसेल असं नाही.

त्या दिवसापासून तू कुठल्याही गाडीत बसलीस की मी आधी तिची चाकं बघतो. तू नागपूरला कॉलेजला जायचीस तेव्हा बस गडचिरोलीच्या पुढे जाईपर्यंत मी स्टँडवरच असायचो. तुला वाटतं मला तुझं काम हलकं वाटतं. दिवाळीत सगळ्या पाहुण्यांपुढे मी म्हणालो, "श्रीमंताच्या पोरांची खेळणी पुसाले पाठवलं व्हतं काय तुले इंजिनियर करून?" सगळे हसले आणि तू ताटावरून उठलीस. मला भीती वाटते, हे चार माणसांत म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी ते म्हणालो. ते बोलणं चुकीचं होतं. मी बाप असलो तरी चुकीचं होतं.

आणि आता या पिवळ्या गाडीने माझी पंचाईत केली आहे. ती जीप ताशी चाळीसच्या वर नव्हती. माणसं एकोणीस. माझ्या मापाने मोजली तर ती फार चांगली गाडी ठरते! काल शेडमध्ये मुखरू मलाच माझं म्हणणं ऐकवत होता, पंचावन्न भागिले दोन, आणि मी एकदम चिडून त्याच्यावर ओरडलो. त्याला काही समजलं नाही. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की ते माप मी मागे घेतलं. तो म्हणाला, "मंग आता कोनतं माप?" मी चहाचे पैसे दिले आणि घरी आलो.

भीती काही गेली नाही. सही केलेली नाही. पण तू विचारशील म्हणून लिहितो, मी फॉर्म कपाटातून काढून टेबलावर ठेवला आहे. टेबलावर ठेवला याचा अर्थ काही नाही. कपाटात वाळवी लागते.

बाबा

चामोर्शी
११ एप्रिल २०२५

दिव्यानी,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे, कारण हे ताजं असताना लिहायला हवं.

पोटाचा तो काळा पत्रा मंगळवारी आला. कंपनीच्या माणसाने तो बसवला, पण चारही चाकांच्या ब्रेकमधला लाखोळीचा भुसा मी आणि कय्यूमने काढला होता आणि चाकंही आम्हीच परत बांधली होती. काल सकाळी ट्रायल. कंपनीचा माणूस म्हणाला, डॉक्टर चालवतील, मी शेजारी बसतो. मी म्हणालो, नाही. इथे मी बसणार.

त्याला कारण समजेना. तुला मात्र माहीत आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये इसरू मिस्त्रींचा नियम होता, आणि ते गेल्यावरही तो कोणी मोडला नाही. "ज्यानं ब्रेक बांधला, त्यानं पयल्या ट्रायलले गाडीत बसाचं." ब्रेक बांधणारा खाली उभा राहून हात हलवायला लागला की गाडी डेपोबाहेर जात नसे. नवीन पोरं या नियमाला भ्यायची. पण त्यामुळे एकही नट सैल राहत नसे. रात्री घरी येऊन मी हे तुला सांगायचो आणि तू विचारायचीस, बाबा, मग तुम्ही आज बसलात का?

तर मी बसलो. बसलो म्हणजे काय, आत पडलो. तिच्यात शिरायचं म्हणजे आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय. कय्यूमने ढकललं. मार्कंड्याच्या वाटेवर जो सरळ पट्टा आहे, तिथे मुखरूला गाईगुरं अडवायला उभं केलं होतं. या वेळी त्याला बजावलं होतं की चालवा चालवा म्हणायचं नाही, तू फक्त गप्प उभा राहा. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाय दाबला.

दिव्यानी, मला वाटलं कोणीतरी मागून पाठीत जोराने लाथ घातली. झाडं दिसेनाशी झाली. मी तोंड उघडलं होतं, पण त्यातून आवाज निघाला की नाही सांगता येत नाही. काटा शंभरावर गेला, तेही मला नंतर समजलं, आणि डॉक्टरांनी ब्रेक दाबला. पट्टा छातीत रुतला. माझे डोळे मिटले. मला वाटलं आता मागचा भाग आडवा येणार, कारण इतकी वर्षं मी तेच पाहिलं आहे. आला नाही. गाडी ओळंब्याला लावल्यासारखी सरळ रेषेत थांबली. टायरचा ओरडा नाही, डावीकडे ओढ नाही, उजवीकडे नाही. पुढे वीस पावलांवर मुखरू दोन्ही हातांनी एक गोऱ्हा धरून उभा होता.

मी हसायला लागलो. मला थांबवताच येईना. डॉक्टर म्हणाले, "और एक बार?" मी म्हणालो, और एक बार. आम्ही चार वेळा केलं. मग मार्कंड्याला जाऊन नारळ फोडला. डॉक्टर देवापुढे बराच वेळ बसले. मी बाहेर नदीकडे तोंड करून पायरीवर बसलो आणि तुझ्याबद्दल विचार करत होतो.

तू ब्रेक बांधतेस. त्या ब्रेकवर दुसऱ्या कोणाचा तरी पोरगा अडीचशेवरून पाय दाबतो, आणि तू कडेच्या खोलीत पंख्याखाली बसून आकडे बघतेस. मीच बसवलं आहे तुला तिथे. इसरू मिस्त्रींनी मला अशा खोलीत बसवलं असतं तर मी पान्हा फेकून घरी आलो असतो. तू दिवाळीत जेव्हा म्हणालीस, "बाबा, ब्रेक माझा हाये, तं पाय माझा नको का?" तेव्हा मला ते उर्मट वाटलं होतं. ते माझंच बोलणं होतं, पण तुझ्या तोंडून आलं म्हणून मला ओळखता आलं नाही.

मला तीन दिवस दे. माणसाने जत्रेहून आल्या आल्या निर्णय घेऊ नये.

बाबा

चामोर्शी
१५ एप्रिल २०२५

दिव्यानी,

आज सकाळी आंघोळ करून फॉर्म घेतला आणि चष्मा लावला. तुझी आई अंगणात कुरडया घालत होती. मी तिला म्हणालो, "पेन कुठी हाये?"

"कशाले?"

"सही कराले. पोरीच्या फॉर्मवर."

सोऱ्या खाली ठेवून ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती. मग खरंच थोडी रडली. म्हणाली, "अवो, थे सही मी देल्ली. दिवाळीतच. पोरीनं दोन फॉर्म आनले व्हते. तुमी नाई म्हनान हे आमाले मालूम व्हतं."

म्हणजे मी तीन मार्चला मोठ्या ऐटीत लिहिलं की सही करणार नाही, बस तिथे आकडे बघत, तेव्हा तू चार महिने गाडी चालवत होतीस. पेडल पायाखाली दगडासारखं लागतं हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी इकडे रोज निवांत झोपत होतो की माझी पोरगी सावलीत बसली आहे.

मी खूप रागावलो. लपवून काय ठेवणार! तुझ्या आईशी बोललो नाही, न जेवता कय्यूमकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं तो माझी बाजू घेईल. तो हसता हसता टायरवरून खाली घसरला. "भाऊ, तुमची सही म्हंजे वरातीमांगून घोडं! नवरीले लेकरू झालं आन तुमी आता घोड्यावर बसून राह्यले!" मग मलाही हसू आलं. शेडमध्ये ती पिवळी गाडी नव्हती, तिच्या जागी तेलाचा एक डागही नव्हता. जागा मोकळी पाहून मला उगाच वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी आलो. भाकर खाल्ली. मग तुझ्या आईला विचारलं, "तू कशी केली सही? तुले भेव नाई लागला?"

"लागला ना. आताही लागते. रोज सांजच्याले फोन काऊन लावते वाटते तुमाले?"

"मंग?"

"मी तिले एकच इचारलं. म्हटलं, गाडी चालवतानी तुले बरं वाटते का बाई? थे म्हनली, हो आई, लय. मंग मी सही केली."

एवढंच. ती कुरडयांची परात झाकायला निघून गेली.

मी तुझी सगळी पत्रं काढून टेबलावर मांडली आणि मी काय काय विचारलं होतं ते आठवत बसलो. गाडी खाली का. हवा ओढते कशी. मुखरूचं बंडीचं म्हणणं बरोबर आहे का. चकती काळी का, तापल्यावर काय होतं, किती मीटरमध्ये थांबते. दीड महिन्यात मी त्या परक्या गाडीचा एकेक नट विचारून घेतला. तुझ्याविषयी एकही प्रश्न विचारला नाही. आणि तुला माझी सही नको होती, माझ्याकडून काहीच नको होतं, तरी दिवसभर ट्रॅकवर राबून तू माझ्या प्रत्येक पत्राला उत्तर लिहिलंस, पट्टी लावून आकृत्या काढल्यास.

मी सही केली आहे. 'मान्य आहे' याच्या खाली, पूर्ण नावाने. फॉर्म सोबत जोडला आहे. कंपनीला देऊ नकोस, त्यांना हसू येईल. तुझ्याजवळ ठेव.

भीती आहे. ती राहणारच, तिचं मी बघून घेईन.

या खेपेला गाडीचं काही लिहू नकोस. मुक्काम कुठे आहे, जेवण कोण करतं, सकाळी किती वाजता उठतेस, ट्रॅकवर पहिल्यांदा एकटी गेलीस त्या दिवशी काय झालं, परत आल्यावर कोणाला सांगितलंस. आणि तुझ्या आईने विचारलं तेच मलाही विचारायचं आहे. तुले बरं वाटते का बाई?

बाबा